पाच ओळींच्या सोळा इन्स्ट्रक्शन

वाचकांचे प्रश्न

कंपायलरच्या मागच्या टोकाबद्दल, म्हणजे इंटरमीजिएट कोडचा (प्रोग्रामच्या मधल्या रूपाचा) मशीन कोड होतो त्या टप्प्याबद्दल, या महिन्यात बरीच पत्रं आली. माझं रोजचं काम याच टप्प्यावर चालतं, त्यामुळे या खेपेला फक्त तीच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते तसंच राहू दिलं.

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी एका छोट्या भाषेचा कंपायलर घेतला आहे. पार्सर झाला, थ्री-अ‍ॅड्रेस कोड हा इंटरमीजिएट कोडही निघतो. टार्गेट ६४ बिट रिस्क-फाइव्ह प्रोसेसर. थ्री-अ‍ॅड्रेस कोडच्या प्रत्येक ओळीसाठी ठरलेल्या इन्स्ट्रक्शन आम्ही छापत जातो. उत्तरं बरोबर येतात, पण कोड फार हळू चालतो. गाइड सर म्हणतात पीपहोल लावा. एक सीनियर म्हणतो हे सगळं सोडा आणि एलएलव्हीएम या तयार मागच्या टोकाला जोडा. अभ्यासक्रमात ट्री पॅटर्न मॅचिंग आहे, पण ते कुठून सुरू करायचं कळत नाही. सोबत आमचा एक नमुना आणि त्याचं आउटपुट पाठवते. – विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : तुझा नमुना मला फार आवडला. एवढ्याशा पाच ओळींत कोड जनरेशनचा बराचसा विषय मावतो. यादीतल्या आय-व्या मुलाचे गुण पाचने वाढवायचे, एवढंच काम. इतर वाचकांसाठी तो इथे उतरवते:

ट१ = आय × ४
ट२ = गुण + ट१
ट३ = मेमरी[ट२]
ट४ = ट३ + ५
मेमरी[ट२] = ट४

‘गुण’ म्हणजे अ‍ॅरेचा सुरुवातीचा पत्ता, आणि एकेक आकडा चार बाइटचा.

तुमचा जनरेटर प्रत्येक ओळ सुटी धरतो. लागणाऱ्या किमती स्टॅकवरून (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेतून) रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या वेगवान जागांमध्ये) आणतो, क्रिया करतो आणि उत्तर पुन्हा स्टॅकवर ठेवतो. अनोळखी कंपायलरचं आउटपुट हाती आलं की मी आधी ते कागदावर छापते आणि लाल पेन्सिलीने स्टॅकवरच्या फेऱ्या खोडते. तुमच्या सोळा इन्स्ट्रक्शनपैकी अकरा खोडल्या गेल्या: सात लोड (मेमरीतून वाचणं), चार स्टोअर (मेमरीत लिहिणं). खरं काम करणाऱ्या पाच उरल्या, त्या म्हणजे शिफ्ट (बिट सरकवणं), बेरीज, लोड, बेरीज, स्टोअर.

म्हणजे इन्स्ट्रक्शनची निवड हे तुमचं दुखणं नाहीच. चारने गुणायच्या जागी तुम्ही शिफ्ट वापरलाच आहे. दुखणं रजिस्टर वाटपाचं, म्हणजे कुठली किंमत कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायची याचं आहे, आणि हे ओळखल्याशिवाय पॅटर्न मॅचिंगला हात घातला असता तर दोन महिने खर्च होऊन हाती फारसं काही लागलं नसतं.

तेव्हा पहिला बदल हा करा. कोड छापताना प्रत्येक ‘ट’ला स्टॅकवर जागा देऊ नका, एक काल्पनिक रजिस्टर द्या. अशी रजिस्टर हवी तेवढी आहेत असं समजून सगळं फंक्शन छापा. मग वेगळ्या टप्प्यात ती खऱ्या रजिस्टरांवर बसवा. रिस्क-फाइव्हमध्ये ३२ रजिस्टर असतात. त्यातलं एक कायम शून्य, आणि स्टॅक पॉइंटर, परतीचा पत्ता वगैरे वगळले तरी पंचवीसेक मोकळी राहतात. विद्यार्थी प्रोजेक्टमधल्या बहुतेक फंक्शनना तेवढी पुरून उरतात.

बसवायचं कसं? ग्रेगरी चायटिन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हा प्रश्न आलेख रंगवण्याचा म्हणून मांडला: एकाच वेळी जिवंत असलेल्या, म्हणजे पुढे लागणार असलेल्या, दोन किमतींना एक रंग द्यायचा नाही, रंग तेवढी रजिस्टर. पद्धत सुंदर आहे, पण तुमच्या वेळापत्रकात लिनिअर स्कॅन घ्या. पोलेट्टो आणि सरकार यांनी १९९९ मध्ये ती मांडली. प्रत्येक काल्पनिक रजिस्टर कुठल्या ओळीला जन्मतं आणि शेवटचं कुठे वापरलं जातं एवढं काढायचं. जन्माच्या क्रमाने पुढे सरकायचं, ज्यांचं आयुष्य संपलं त्यांची रजिस्टर परत घ्यायची. रजिस्टर संपली तर ज्याचा शेवट सगळ्यांत लांब आहे त्याला स्टॅकवर पाठवायचं.

दोन ठिकाणी हमखास ठेच लागते, म्हणून आधीच सांगते. लूपच्या आधी जन्मलेली किंमत लूपच्या मधेच शेवटची दिसत असली तरी लूप संपेपर्यंत ती जिवंत धरायची, कारण पुढच्या फेरीत ती पुन्हा लागणार आहे. आणि मधे फंक्शन कॉल येत असेल, तर कॉल ओलांडून जगणाऱ्या किमती ‘एस’ नावाच्या रजिस्टरांत ठेवायच्या. ‘टी’ रजिस्टर बोलावलेल्या फंक्शनने बदलली तरी तक्रार करता येत नाही.

एवढं केलं की तुमच्या सोळाच्या पाच होतील.

आता गाइड सरांच्या सूचनेबद्दल. पीपहोल म्हणजे लागून आलेल्या दोन-तीन इन्स्ट्रक्शनच्या खिडकीतून पाहायचं आणि तिथे स्वस्त पर्याय मिळाला तर बदलायचा. १९६५ मध्ये मॅकीमन यांनी ही कल्पना मांडली. ‘स्टॅकवर ठेवलं आणि लगेच तिथूनच वाचलं’ अशा जोड्या ती खाऊन टाकेल, पण ट२ सारखी किंमत दोन ओळींनंतर पुन्हा लागते, ती खिडकीबाहेर राहते. म्हणून पीपहोल रजिस्टर वाटपाच्या नंतर ठेवा, त्याच्या जागी नको. सरांचा सल्ला मात्र हलका समजू नका. डेव्हिडसन आणि फ्रेझर यांनी १९८० मध्ये दाखवलं की आधी अगदी भाबडा कोड काढून मग शेजारच्या इन्स्ट्रक्शन जोडत गेलं तरी चांगला कोड मिळतो, आणि जीसीसी या मोफत सी कंपायलरचं मागचं टोक याच वाटेने उभं राहिलं. जीसीसीतला ‘कम्बाइन’ नावाचा टप्पा आजही तेच करतो.

यानंतर तुझा खरा प्रश्न येतो, निवडीचा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

तुझ्या पाच ओळी एकमेकींत गुंफल्या की एक झाड होतं. सर्वांत वर ‘मेमरीत ठेव’, त्याखाली बेरीज, त्याखाली ‘मेमरीतून वाच’, त्याखाली पत्त्याची बेरीज, आणि तळाशी ‘गुण’ आणि शिफ्ट केलेला ‘आय’. प्रोसेसरची प्रत्येक इन्स्ट्रक्शन म्हणजे अशाच झाडाचा एक छोटा तुकडा. फरशी घालताना जसं कुठे मोठी लादी बसते, कुठे कापून छोटी लावावी लागते, तसं झाड या तुकड्यांनी पूर्ण झाकायचं, आणि कमीत कमी खर्चात झाकायचं.

हेच झाड तीन प्रोसेसरांवर ठेवून बघ. एक्स८६वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) पत्ता लिहितानाच बेस, इंडेक्स आणि १, २, ४ किंवा ८ हा गुणक एकत्र लिहिता येतो, आणि मेमरीतल्या जागेवर परस्पर बेरीज करता येते. त्यामुळे अख्खं झाड एका इन्स्ट्रक्शनमध्ये झाकलं जातं. ६४ बिट आर्मवर लोड आणि स्टोअरच्या पत्त्यात शिफ्ट केलेला इंडेक्स चालतो, पण बेरीज मेमरीवर चालत नाही. म्हणून तीन. रिस्क-फाइव्हच्या मूळ संचात पत्ता म्हणजे एक रजिस्टर आणि एक छोटा स्थिरांक, बस्स. म्हणून पाच. झेडबीए हे एक्स्टेन्शन असेल तर शिफ्ट आणि बेरीज एकत्र होते आणि चार पुरतात.

आता ट२ कडे नीट बघ. तो दोनदा वापरला आहे, एकदा वाचायला आणि एकदा लिहायला. म्हणजे हे काटेकोर अर्थाने झाड नाही, दोन फांद्या एका जागी मिळाल्या आहेत. झाडासाठी सर्वांत स्वस्त झाकण काढणं सोपं आहे. आहो आणि जॉन्सन यांनी १९७६ मध्येच दाखवलं की खालून वर येत प्रत्येक गाठीपाशी ‘इथली किंमत रजिस्टरमध्ये आणायचा सर्वांत कमी खर्च’ लिहीत गेलं की पुरतं, आणि वेळ झाडाच्या आकाराच्या प्रमाणात लागतो. पण सामायिक गाठी आल्या की तोच प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो, म्हणजे त्याचं अचूक उत्तर नेहमी झटपट काढायची पद्धत कोणालाच माहीत नाही. म्हणून प्रत्यक्षातले कंपायलर सामायिक गाठीपाशी ठोकताळे वापरतात. ट२ एकदाच काढून रजिस्टरमध्ये ठेवायचा, की वाचताना आणि लिहिताना वेगवेगळा काढायचा? आर्मवर एकदा काढून ठेवला तर चार इन्स्ट्रक्शन लागतात, दोन्ही ठिकाणी पत्त्यातच लिहिला तर तीन. तिथे तेच काम दोनदा सांगणं स्वस्त पडतं. रिस्क-फाइव्हवर बरोबर उलटं: दोनदा काढलास तर शिफ्ट आणि बेरीज पुन्हा करावी लागेल, पाचाच्या सात होतील. म्हणून हा निर्णय इंटरमीजिएट कोडच्या पातळीवर आधीच घेऊन टाकू नये, प्रोसेसरचं वर्णन हाती असतानाच घ्यावा. कोड जनरेटरमध्ये मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी जागा हीच आहे.

एक्स८६च्या त्या एका इन्स्ट्रक्शनने हुरळून जाऊ नकोस. प्रोसेसर आत तिचे लोड, बेरीज आणि स्टोअर असे तुकडे करतोच. कोड आटोपशीर होतो, एका रजिस्टरची बचत होते, हा फायदा खरा. पण इन्स्ट्रक्शनची संख्या म्हणजे वेळ नव्हे. आणि ट३ किंवा ट४ पुढे आणखी कुठे वापरला असेल, तर ही मोठी लादी तशीच बसणार नाही. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे दुसरं कोणी त्याच जागी लिहीत असेल, तर ती बसवणं सरळ चूक ठरेल. मोठा तुकडा वापरण्याआधी या दोन तपासण्या लिहिल्याच पाहिजेत.

तुमच्या प्रोजेक्टला आहो-जॉन्सनची पूर्ण पद्धत लागणार नाही. ‘मॅक्सिमल मंच’ पुरे: झाडाच्या माथ्यापासून सुरुवात करायची, बसेल तो सर्वांत मोठा तुकडा लावायचा, उरलेल्या फांद्यांवर तेच पुन्हा. एक रिकर्सिव्ह फंक्शन आणि त्यात मोठ्यापासून छोट्याकडे जाणारे पॅटर्न. रिस्क-फाइव्हवर जे पॅटर्न खरंच पैसे वसूल करतात ते थोडेच आहेत. पत्त्यातला स्थिरांक लोड-स्टोअरच्या पोटात घालणं, स्थिरांकासह बेरीज, शून्याच्या जागी शून्य रजिस्टर, आणि तुलना व उडी एकत्र करणं. शेवटचा विसरू नकोस. ‘आय लहान आहे का’ हे आधी एका रजिस्टरमध्ये काढून मग ते शून्य आहे का बघणं, हे प्रत्येक लूपच्या प्रत्येक फेरीत होतं. रिस्क-फाइव्हमध्ये ‘लहान असेल तर उडी मार’ ही एकच इन्स्ट्रक्शन आहे.

स्थिरांकाचं गणितही पक्कं करून ठेव. बेरजेच्या इन्स्ट्रक्शनमध्ये −२०४८ ते २०४७ एवढंच मावतं. तुझा ५ मावतो. ५००० असता तर दोन भाग करावे लागले असते: वरच्या भागातून ४०९६ आणि खालून ९०४. पण ३००० घे. त्याचा खालचा १२ बिटांचा भाग चिन्हासकट वाचला जातो, म्हणून तो ४०९६ आणि −१०९६ असा बांधावा लागतो. टेस्टमध्ये २०४७, २०४८ आणि ३००० हे तिन्ही आकडे असू देत. या एका जागी कितीतरी नवे जनरेटर चुकीचं उत्तर देतात.

आणि भागाकार. गुणांना दहाने भागायचं असेल तर भागाकाराची इन्स्ट्रक्शन छापू नकोस, ती अनेक सायकल खाते. ३२ बिटांच्या बिनचिन्ह आकड्याला ३४३५९७३८३७ ने गुणायचं आणि ६४ बिटांचा गुणाकार उजवीकडे ३५ घरं सरकवायचा. १२३४ घालून बघ, १२३ मिळतील. तो आकडा म्हणजे २ चा ३५वा घात भागिले १०, वरच्या पूर्णांकापर्यंत नेलेला. ग्रॅनलंड आणि माँटगोमेरी यांनी १९९४ मध्ये कुठल्याही स्थिर भाजकासाठी असा आकडा कसा काढायचा आणि तो कधीच का चुकत नाही हे सिद्ध करून दिलं. मला हे आजही पाहावंसं वाटतं.

राहिला एलएलव्हीएम. तुमच्या प्रोजेक्टचा जीव भाषेत असेल, तर बेलाशक जोडा, त्यात कमीपणा नाही. पण जीव मागच्या टोकात असेल, आणि तुझ्या पत्रावरून तो तिथेच दिसतो, तर स्वतः लिहा. ६४ बिट रिस्क-फाइव्हच्या पायाभूत संचात पन्नासच्या आसपास इन्स्ट्रक्शन आहेत. एवढ्या छोट्या यंत्रावर शिकायची संधी आमच्या पिढीला एक्स८६च्या जाडजूड मॅन्युअलांमध्ये मिळाली नव्हती. मग तोच नमुना एलएलव्हीएमला देऊन दोन्ही आउटपुट शेजारी ठेवा आणि बाहेरच्या परीक्षकांना फरकाची ओळ न् ओळ समजावून सांगा.

प्रश्न : मॅडम, मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या अँड्रॉइड फोनवर नवं अ‍ॅप घेतलं की सुरुवातीला ते अडखळतं, काही दिवसांनी सुरळीत होतं. नातू म्हणतो, फोन रात्री चार्जिंगला असताना अ‍ॅप ‘शिजवतो’. हे खरं की माझी समजूत काढतो? – सदाशिव पेठ

उत्तर : सर, नातू बरोबर सांगतो आहे.

अ‍ॅप फोनमध्ये येतं ते बाइटकोड म्हणून, म्हणजे कुठल्याच प्रोसेसरची नसलेली मधली भाषा. तिचं मशीन कोडमध्ये रूपांतर फोनलाच करावं लागतं, आणि केव्हा करायचं यावर अँड्रॉइडने अनेकदा मत बदललं आहे. २०१० च्या २.२ आवृत्तीत चालता चालता रूपांतर करणारा कंपायलर आला. २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून अ‍ॅप बसवतानाच सगळं रूपांतर करून टाकायला सुरुवात झाली. त्याने अ‍ॅप झटपट चालू लागली, पण बसवायला वेळ लागे, जागा जास्त जाई, आणि सिस्टीम अपडेट झाल्यावर फोन बराच वेळ ‘अ‍ॅप ऑप्टिमाइझ होत आहेत’ म्हणत राही. २०१६ च्या ७.० पासून मधला मार्ग निघाला. सुरुवातीला अ‍ॅप तसंच चालवायचं, जे भाग वारंवार लागतात त्यांचं तेवढ्यापुरतं रूपांतर करायचं आणि त्यांची नोंद ठेवायची. मग फोन निवांत पडलेला आणि चार्जिंगला असेल तेव्हा त्या नोंदीतल्या भागांचं सावकाश, नीट रूपांतर करून ठेवायचं. तुमचा अनुभव त्याचाच आहे.

वरच्या पत्रातल्या विद्यार्थिनीसारख्या वाचकांसाठी थोडं पुढचं सांगते, कारण ‘कार्यक्षम रूपांतर’ म्हणताना कोणाचा वेळ वाचवायचा हे इथे स्पष्ट दिसतं. एकदाच चालणाऱ्या कोडवर झाडं झाकत बसण्यात अर्थ नाही, त्यात गेलेला वेळ कधीच वसूल होत नाही. क्रोम ब्राउझरमधल्या व्ही८ इंजिनाने म्हणूनच पायऱ्या केल्या आहेत. सर्वांत खाली बाइटकोड चालवणारा इंटरप्रिटर. २०२१ मध्ये आलेला स्पार्कप्लग हा कंपायलर इंटरमीजिएट कोड बनवतच नाही, बाइटकोडवरून एकदा चालत जातो आणि मशीन कोड सोडत जातो. तुमच्या सोळा इन्स्ट्रक्शनच्या जनरेटरचाच हा सख्खा भाऊ, आणि त्याच्या जागी तो अगदी योग्य आहे. वारंवार चालणाऱ्या फंक्शनसाठी त्याच्या वर मॅगलेव्ह, आणि सर्वांत तापलेल्या फंक्शनसाठी टर्बोफॅन.

२०२१ मध्येच हाओरान शू आणि फ्रेडरिक कोल्स्टॅड यांनी ‘कॉपी अँड पॅच’ मांडलं. त्यात बाइटकोडच्या प्रत्येक क्रियेसाठी मशीन कोडचे तुकडे एका मोठ्या कंपायलरकडून आधीच करून घेतात, स्थिरांक आणि पत्त्यांच्या जागा रिकाम्या ठेवून. प्रोग्राम चालताना फक्त तुकडे उतरवायचे आणि रिकाम्या जागा भरायच्या. निवड आणि वाटपाचं सगळं कष्टाचं काम आधीच होऊन गेलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मधला प्रायोगिक जिट (चालता चालता रूपांतर करणारा कंपायलर) याच पद्धतीवर आहे.

प्रश्न : सेथी-उल्मन नंबरिंग परीक्षेत हमखास येतं म्हणून आम्ही पाठ करतो. खऱ्या यंत्रावर त्याचा कधी उपयोग होतो का? – विद्यार्थी, आकुर्डी

उत्तर : १९७० मधलं हे नंबरिंग एकच सांगतं: एखादं पद सोडवताना मधली उत्तरं स्टॅकवर न टाकता किती रजिस्टर लागतील. झाडाच्या पानाला, म्हणजे एकट्या चलाला, १. दोन्ही फांद्यांचे आकडे सारखे असतील तर त्यात एक मिळवायचा, नाहीतर मोठा तो घ्यायचा. (अ+ब)×(क+ड) ला ३.

पुणेकराला याचं उदाहरण घरातच आहे. गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो इनमॉस कंपनीच्या टी८०० ट्रान्सप्युटर चिप्सवर. या चिपमध्ये पदं सोडवायला ३२ रजिस्टर नव्हती. एकावर एक रचलेली तीनच होती. चौथी किंमत वर ठेवली की तळातली निघून जाते, आणि प्रोसेसर कुठला इशाराही देत नाही. म्हणजे तुमचा ३ हा आकडा तिथे थेट लक्ष्मणरेषा आहे.

अ − (ब − (क − ड)) घ्या. डावीकडून उजवीकडे गेलात तर पहिली वजाबाकी होण्याआधी चार किमती साचतात, आणि अ हरवतो. सेथी-उल्मन सांगतात, आधी जड फांदी सोडवा. क, ड घेऊन वजा करा. मग ब घ्या, वरच्या दोघांची अदलाबदल करा, वजा करा. मग अ घ्या, पुन्हा अदलाबदल, वजा. एका वेळी दोनच किमती. अदलाबदलीसाठी ट्रान्सप्युटरमध्ये वेगळी इन्स्ट्रक्शन होती, ती याच कामाची.

उत्तरपत्रिकेत सहसा न लिहिलं जाणारं एक पथ्य: फांद्यांमध्ये फंक्शन कॉल असतील, एकाच्या परिणामावर दुसऱ्याचं उत्तर अवलंबून असेल, आणि भाषेने क्रम ठरवून दिलेला असेल, तर तो बदलायचा हक्क कंपायलरला नाही. तिथे मधलं उत्तर मेमरीत ठेवावंच लागतं.

प्रश्न : नमस्कार. चाकणला एका कारखान्यात कॉर्टेक्स-एम४ या छोट्या आर्म प्रोसेसरवर कंपनमापकाचा फिल्टर लिहितो आहे. इनपुट, गुणक आणि आउटपुट तिन्ही १६ बिटांचे अ‍ॅरे. सर्वांत आतला लूप आउटपुटच्या एका घरात गुणाकार मिळवत जातो. लिस्टिंग (कंपायलरने काढलेल्या इन्स्ट्रक्शनची यादी) पाहिलं तर कंपायलर प्रत्येक फेरीत ते घर मेमरीत लिहितो आणि पुन्हा वाचतो. आमचे साहेब म्हणतात, कंपायलर बिनडोक आहे, असेंब्लीत लिही. लिहू का? – फर्मवेअर इंजिनीअर

उत्तर : लिस्टिंग वाचलंत, म्हणजे अर्धं काम झालं. आधी एवढं तपासा की ते ओ-शून्य, म्हणजे कोड सुधारणा बंद असलेल्या पातळीचं नाही ना. त्या पातळीवर जीसीसी डीबगिंगच्या सोयीसाठी प्रत्येक चल मुद्दाम स्टॅकवर ठेवतो. ओ-दोनवरही तेच दिसत असेल, तर पुढे वाचा.

तुमचा कंपायलर सावध आहे. तिन्ही अ‍ॅरे पॉइंटर (फक्त मेमरीतला पत्ता) म्हणून येतात आणि तिन्हींचा प्रकार एकच आहे. आउटपुटचं घर आणि गुणकांच्या अ‍ॅरेतलं एखादं घर एकच असू शकेल, असं त्याला धरावं लागतं. म्हणून प्रत्येक फेरीला लिहून ठेवणं त्याला भाग आहे. तो इन्स्ट्रक्शन निवडायला बसतो तोपर्यंत ही बंधनं झाडात आलेली असतात, आणि ती मोडून मोठा तुकडा बसवणं म्हणजे चुकीचा कोड काढणं.

तुम्ही हे करा. लूपच्या आत एक ३२ बिटांचा स्थानिक चल बेरजेसाठी घ्या आणि लूप संपल्यावर एकदाच आउटपुटमध्ये लिहा. स्थानिक चलाचा पत्ता कुठे दिलेला नसेल तर तो रजिस्टरमध्येच राहील. इनपुट आणि गुणकांच्या पॉइंटरांना ‘रिस्ट्रिक्ट’ लावा, पण ते अ‍ॅरे आउटपुटच्या अ‍ॅरेवर खरंच येत नसतील तरच, कारण ते वचन तुम्ही देता आणि कंपायलर ते तपासत नाही. बेरीज ३२ बिटांत गेल्याने उत्तरं थोडी बदलतील. आधी प्रत्येक फेरीत वरचे बिट कापले जात होते, आता ते राहतील. म्हणून शेवटी किती घरं सरकवायचं आणि मर्यादेबाहेर गेलं तर काय करायचं, हे ठरवून घ्या.

त्यानंतरही वेग हवा असेल तर एम४ मधली ‘एसएमएलएडी’ ही इन्स्ट्रक्शन पाहा. १६ बिटांच्या दोन जोड्या एकाच वेळी गुणून बेरजेत घालते. सीच्या साध्या लूपवरून कंपायलरने ती स्वतःहून शोधावी अशी अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी शेजारचे दोन नमुने एका ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये एकत्र वाचावे लागतात, आणि झाडात तो आकार सहसा तयार होत नाही. तिच्यासाठी इन्ट्रिन्सिक फंक्शन (थेट त्या एका इन्स्ट्रक्शनमध्ये बदलणारं) मिळतं, ते सीमधूनच बोलवा. निवड तुम्ही केली, तरी रजिस्टर वाटप आणि क्रम लावणं कंपायलरकडेच राहतं, आणि ती दोन्ही कामं तो हाताने लिहिणाऱ्यापेक्षा न थकता करतो.

हे करून पुन्हा लिस्टिंग काढा. आतल्या लूपमध्ये एकही स्टोअर दिसत नसेल, तर साहेबांना तेच पान दाखवा. दिसत असेल, तर तो लूप आणि लिस्टिंग दोन्ही मला पाठवा.